पाद्री फिरला, इमारत फिरली

कोकणात किंवा गोव्यात एखाद्या जुन्या चर्चमध्ये शिरलात तर एक गोष्ट जरूर बघा. समोरच्या भिंतीला टेकून पार छतापर्यंत गेलेली लाकडी वेदी असते. सोनेरी मुलामा, पीळ घातलेले खांब, त्यांच्यावर चढलेले द्राक्षांचे वेल, पंख फुटलेली गुटगुटीत बाळं, कोनाड्याकोनाड्यांतून उभे संत आणि मधोमध सायबीण, म्हणजे मेरी माता. नजर तिथून हलत नाही. आणि या सगळ्या वैभवाच्या पुढ्यात, चार-पाच फुटांवर, पांढरा कपडा अंथरलेलं एक साधं मेज ठेवलेलं असतं. फादर मीस, म्हणजे सामुदायिक उपासना, करतात ती त्या मेजावर. मागची राजेशाही वेदी नुसती बघत राहते.

असं का? इतकी मोठी वेदी बांधायची, तिला सोनं लावायचं, आणि काम मात्र मेजावर?

मी जामसंड्याचा, पण शाळेची सुरुवातीची वर्षं आजोळी राहून सिस्टरांच्या शाळेत गेली. शाळेला लागूनच चर्च. ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास सुरू झाला की आम्ही उरलेले मॉरल सायन्सला बसायचो आणि खिडकीतून तिकडे बघत राहायचो. परीक्षा जवळ आली की मात्र हा भेद मिटायचा. गणिताच्या पेपरच्या दिवशी सगळे धर्म एका बाकावर गुडघे टेकून असायचे, आणि आमच्यातले निम्मे क्रूस उलट्या बाजूने काढायचे. मेणबत्तीचं मेण, ओलसर लाकूड आणि खोबरेल तेल यांचा मिळून जो वास होतो तो अजून कुठे आला तर मला आपोआप सातचा पाढा आठवतो.

त्या मेजाबद्दल मी चर्चची घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या अंकलना विचारलं होतं. ते म्हणाले, "पाद्री फिरलो, म्हणान मेज इला. आदी पाठ दिसायची, आता तोंड दिसता." मला काही कळलं नाही. पुष्कळ वर्षांनी वाचताना कळलं, तेव्हा थक्क झालो. म्हाताऱ्याने दोन वाक्यांत विसाव्या शतकातल्या चर्च-स्थापत्याचा अख्खा इतिहास सांगून टाकला होता. एक माणूस अर्धं वर्तुळ फिरला, आणि त्याच्यापायी जगभरच्या इमारतींना आपला आकार बदलावा लागला!

आधी तो पाठमोरा का होता ते बघू. एसटीचा ड्रायव्हर आपल्याकडे पाठ करून बसतो म्हणून कुणी रागावतं का? सगळ्यांना एकाच दिशेला जायचंय, तो फक्त पुढे आहे. जुन्या पद्धतीच्या मीसमध्ये पाद्रीही असाच सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांच्याच दिशेला तोंड करून उभा राहायचा. वेदी भिंतीला टेकलेली असायची, कारण तिच्या मागे उभं राहायचं कुणालाच कारण नव्हतं. भिंतीला टेकली म्हणजे तिला वर वाढायलाही मोकळीक मिळाली. कोनाडे, खांब, संत हे सगळं त्या मोकळ्या भिंतीवर चढत गेलं. पाठ हे त्या सोन्याचं मूळ कारण आहे म्हटलं तरी चालेल.

आता या इमारतीची आपल्या देवळाशी तुलना करा. कुणकेश्वराला जा. गाभारा लहान, काळोखा, दार अरुंद. तिथे एका वेळी पाच माणसं उभी राहिली तरी दाटी होते, आणि ते बरोबरच आहे, कारण दर्शन एकेकट्याने घ्यायचं असतं. मी आलो, घंटा वाजवली, डोळे भरून पाहिलं, निघालो. दुसरा त्याच्या वेळेला येईल. मीस तशी चालत नाही. ती ठरल्या वेळी सुरू होते, ठरल्या वेळी संपते आणि सगळ्यांनी मिळून करायची असते. म्हणजे तीनशे माणसांना एकाच वेळी आत घ्यायचं, एकाच वेळी तेच दाखवायचं, तेच ऐकवायचं. देवळाच्या बांधकाम्याला जो प्रश्न पडतच नाही तो चर्चच्या बांधकाम्याचा पहिला प्रश्न: शेवटच्या बाकावरच्या आजीचं काय?

सोळाव्या शतकात हा प्रश्न फार तापला. युरोपात प्रोटेस्टंट चळवळ उभी राहिली होती, तिला उत्तर द्यायला कॅथलिक चर्चची ट्रेंट इथली परिषद १५४५ ते १५६३ अशी रखडत चालली, आणि त्यानंतर प्रवचनाला अतोनात महत्त्व आलं. येशूसंघीयांनी, म्हणजे जेझुइट पाद्र्यांनी, रोममध्ये १५६८ मध्ये जेझू नावाचं चर्च बांधायला घेतलं. त्यात खांबांच्या रांगांनी तुटलेले मार्ग काढून टाकले आणि मध्ये एकच रुंद, मोकळं दालन ठेवलं. कुठूनही वेदी दिसावी, कुठूनही प्रवचन ऐकू यावं. ही कल्पना समुद्र ओलांडून आपल्या शेजारी आली. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू, जिथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव आहे, १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. आत जाऊन उभं राहा: एकच दालन, मध्ये खांब नाही, आणि टोकाला सोन्याची भिंत.

पण ही दालनं लांबुळकी का? शेवटच्या आजीची एवढी काळजी होती तर तिला तीस मीटर लांब का बसवलं?

एक मोठं उत्तर लाकडात आहे. छप्पर पेलायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तुळया लागतात, आणि तुळई झाडाहून लांब असत नाही. रुंदी वाढत गेली की सुताराचं काम अवघड होत जातं. लांबीला असली अडचण नाही, एकामागे एक कैच्या उभ्या करत जा. माणसं वाढली की इमारत शेपटीसारखी मागे वाढते. भक्तीचं गणित झाडाच्या उंचीने ठरवलेलं असतं! जाता जाता छपराची एक गंमत. आपल्याकडच्या कितीतरी चर्चवर मंगलोरी कौलं आहेत, आणि ती कौलं करण्याचा कारखाना मंगळूरला १८६५ मध्ये काढला तो बासेल मिशनने. म्हणजे प्रोटेस्टंटांनी. पावसापुढे पंथ कोण बघतो?

आता भिंत. जामसंड्याच्या सड्यावर चालताना पायाखाली जो तांबडा, भोकाभोकांचा कातळ लागतो तोच जांभा खाणीतून चिरा होऊन निघतो आणि घरात, देवळात, गडग्यात, चर्चमध्ये जाऊन बसतो. खाणीतून काढताना तो इतका नरम असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. मग उन्हावाऱ्यात राहिला की त्यातलं लोह त्याला कडक करतं. पण भोकं राहतातच. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन मीटरच्या घरात पाऊस पडतो. उघडा चिरा तो पाऊस पिऊन घेतो. म्हणून वर चुन्याचा गिलावा हवाच.

आणि इथे माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत सुंदर चमत्कार आहे. किनाऱ्यावर चुना करायचा तर शिंपले जाळायचे. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की तो खदखदून फुटतो, विरतो. वाळूत कालवून तो भिंतीवर लावला, की गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश परत ओढून घेऊ लागतो. महिनोन् महिने, काही वेळा वर्षानुवर्षं. आणि शेवटी काय बनतो? कॅल्शियम कार्बोनेट. जो शिंपला आपण भट्टीत जाळला, तोच पदार्थ भिंतीवर पसरून पुन्हा घट्ट होतो. पांढऱ्याशुभ्र चर्चकडे लांबून बघता तेव्हा तुम्ही एका भल्यामोठ्या शिंपल्याकडेच बघत असता.

हे कवच काढलं की काय होतं? बॉम जेझूचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या सांगण्यावरून खरवडून काढला गेला. दगड उघडा दिसला म्हणजे इमारत जास्त प्राचीन वाटेल, असा विचार. आज पर्यटक ज्या तांबड्या भिंतीपुढे फोटो काढतात ती मुळात कुणी दाखवण्यासाठी बांधलेलीच नव्हती. तेव्हापासून तो चिरा दर पावसाळ्यात झिजतोय आणि गिलावा परत लावावा की नाही यावर वाद चालू आहे. मला विचाराल तर लावावा. चिऱ्याला विवस्त्र उभं करण्यात कसली आलीय प्राचीनता?

शिंपला भिंतीवर होता तसा खिडकीतही होता. गोव्यातल्या जुन्या चर्चच्या आणि घरांच्या खिडक्या जवळून बघा. लाकडाच्या बारीक पट्ट्यांच्या चौकटी आणि त्यांत काचेऐवजी दुधट, चकचकीत चकत्या. हा प्लॅकुना प्लॅसेन्टा नावाचा शिंपला, पापडासारखा चपटा, खाडीच्या चिखलात वाढणारा. त्याच्यातून सुमारे ८० टक्के प्रकाश आत येतो, पण सरळ तिरीप येत नाही. ऊन आत शिरतं तेच विरघळून. बाहेर एप्रिलचं डोळे दिपवणारं ऊन, आत मऊ उजेड, आणि त्या उजेडात सोन्याची वेदी स्वतःच तेवत असल्यासारखी.

हा शिंपला ९९ टक्के कॅल्साइट असतो. कॅल्साइट हे खडूच्या जातीचं ठिसूळ खनिज. मग चकती फुटत कशी नाही? अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी २०१४ मध्ये हेच तपासलं. त्यांनी सूक्ष्म टोकाने शिंपल्यावर दाब दिला. आतले स्फटिक तडकण्याऐवजी आपली ठेवण बदलून आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे वळले आणि इजा तेवढ्याच ठिपक्यात अडवून धरली. निव्वळ कॅल्साइटच्या दहापट ऊर्जा हा शिंपला पचवतो. पारदर्शक चिलखत करता येईल का, म्हणून शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करताहेत. आणि आपल्या शेजारच्या सुतारांनी तो चारशे वर्षांपूर्वीच खिडकीत बसवून ठेवला होता.

दिसण्याचं झालं. आता ऐकण्याकडे येऊ, कारण माझ्या लेखी चर्च ही मुळात आवाजाची इमारत आहे.

रिकाम्या चर्चमध्ये शब्द बोललात की तो भिंतीवरून छताला, छतावरून फरशीला आपटत राहतो आणि मरता मरत नाही. याचं गणित १८९५ सालापर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठाने नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात प्राध्यापकांचं बोलणं कुणाला कळेना. एक शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुण शिक्षकाला सांगितलं, बघ काही होतंय का. त्याने काय करावं? मध्यरात्रीनंतर, शहर निजल्यावर, ऑर्गनची नळी आणि थांबघड्याळ घेऊन बसला. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, मांडायचा, आवाज काढायचा, तो विरेपर्यंतचा वेळ मोजायचा, आणखी गाद्या आणायचा, आणि पहाटेच्या आत सगळ्या परत ठेवून यायचा. त्यातून त्याला कळलं की एक माणूस आवाज शोषण्यात सहा गाद्यांच्या बरोबरीचा असतो. आणि आवाज शोषण्याचं माप म्हणून त्याने काय धरलं ठाऊक आहे? उघडी खिडकी! खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ती पूर्ण शोषण करणारी वस्तू.

यातून त्याने घुमण्याचा वेळ काढायचं सूत्र बसवलं. ते आपल्याकडच्या चर्चला लावून बघू. समजा ३० मीटर लांब, १० मीटर रुंद, १२ मीटर उंच दालन आहे. चुन्याच्या भिंती, दगडी फरशी, वर लाकडी तक्तपोशी. दारं-खिडक्या बंद, आत चिटपाखरू नाही. शब्द पूर्ण विरायला जवळजवळ पावणेआठ सेकंद लागतील. तेवढ्यात फादरांची अख्खी दोन वाक्यं होऊन जातात आणि सगळी एकमेकांत कालवतात. आता बाजूची दारं आणि खिडक्या सताड उघडा, एकूण ४० चौरस मीटर. पाच सेकंद. आता आत तीनशे माणसं बसवा. दोन सेकंदांच्या किंचित वर!

म्हणजे फेस्ताच्या, चर्चच्या सणाच्या, दिवशी चर्च गच्च भरलेलं असताना प्रवचन नीट ऐकू येतं, आणि आडवारी चार म्हाताऱ्या बसलेल्या असताना काहीच कळत नाही. ऐकायला आलेली माणसंच ऐकू येण्याची सोय करतात. ज्यांनी ही चर्च बांधली त्यांच्याकडे सॅबिनचं सूत्र नव्हतं, तरी कोकणच्या उकाड्यासाठी ठेवलेली मोठाली दारं त्यांच्या नकळत आवाजाचंही काम करत होती.

मग पाच-सात सेकंद घुमणाऱ्या दालनात त्यांनी इतकी शतकं मीस केली तरी कशी? एक म्हणजे ती लॅटिनमध्ये होती आणि पुष्कळ भाग गाऊन म्हटला जायचा. एकाच सुरावर लांबवलेले शब्द घुमले तर बिघडत नाहीत, उलट एक सूर दुसऱ्यावर चढून त्याला भारदस्त करतो. तंबोऱ्याची गरज नाही, इमारतच षड्ज धरते. दुसरं, शब्द समजावेत ही अपेक्षाच कमी होती. जिथे ती होती, म्हणजे प्रवचनात, तिथे त्यांनी वेगळी युक्ती केली.

ती म्हणजे पुल्पित. जुन्या चर्चच्या बाजूच्या भिंतीवर, वेदीपासून बरंच इकडे, श्रोत्यांच्या मधोमध, एक कोरीव लाकडी सज्जा चिकटलेला असतो. वर जायला जिना. आणि सज्ज्याच्या डोक्यावर लाकडी छत. लहानपणी मला ते छत निव्वळ थाटाचं वाटायचं. ते यंत्र आहे! आपला कान मूळ आवाज आणि त्याचा पडसाद यांत सेकंदाच्या विसाव्या भागापर्यंत फरक करत नाही. तेवढ्यात पोचलेला पडसाद तो मूळ आवाजात मिसळून घेतो आणि बोलणं उलट ठळक होतं. उशिरा आला तर गोंधळ. सेकंदाच्या विसाव्या भागात आवाज सतरा मीटर जातो. बारा मीटर उंच छताला आपटून खाली येणारा आवाज अठरा-वीस मीटरचा जादा फेरा घेतो, म्हणजे जेमतेम उशीर होतो. डोक्यावर दीड-दोन मीटरवरच लाकूड धरलं तर फेरा तीन-चार मीटरचा. पडसाद वेळेत येतो, मदतीचा होतो. सुताराने तो उशीर होऊच दिला नाही.

इतकी खटपट करून प्रवचन स्थानिक भाषेत होई, पण मीस मात्र लॅटिनमध्येच राहिली. मराठी या इमारतीत किती आधी येऊन थांबली होती ते पाहा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने ख्रिस्ताचं चरित्र जवळजवळ ११,००० मराठी ओव्यांत लिहिलं. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. नवख्रिस्ती लोकांना वाचून दाखवायला. ओवी दारातून आत आली, पण वेदीपर्यंत पोचायला तिला आणखी साडेतीनशे वर्षं लागायची होती.

पाद्री फिरला तो तेव्हा. पोप तेविसावे जॉन यांनी ११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू केली. जगभरचे बिशप जमले आणि ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेबद्दलचा दस्तऐवज मताला आला. बाजूने २,१४७, विरुद्ध ४. लोकांनी बघ्यांसारखं बसून राहू नये, उपासनेत भाग घ्यावा, हे त्याचं सार. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये सूचना निघाल्या: मुख्य वेदी शक्यतो भिंतीपासून सुटी असावी, तिच्याभोवती फिरता यावं, लोकांकडे तोंड करून मीस करता यावी. ७ मार्च १९६५ पासून अंमल. त्या दिवशी पोप सहावे पॉल यांनी रोममधल्या एका साध्या पॅरिश चर्चमध्ये इटालियन भाषेत मीस केली. आणि त्याच्या तीनच महिने आधी, २ डिसेंबर १९६४ रोजी, हेच पोप मुंबईला आले होते! ओव्हल मैदानावर कॅथलिकांची युखरिस्त महासभा भरली होती. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. वर आभाळ, बाजूला भिंत नाही, समोर अफाट गर्दी.

आता खेड्यापाड्यातल्या फादरांची अडचण बघा. सूचना आली. वेदी भिंतीत बसवलेली, टनावारी लाकूड आणि दगड. ती कशी पुढे ओढणार? मग काय, एक मेज आणलं, कपडा घातला, आणि फादर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. माझ्या लहानपणच्या मेजाची कुळकथा ती एवढीच. अंकलच्या तोंडचं "पाद्री फिरलो" हे अक्षरशः खरं होतं.

काही ठिकाणी याच्याही पुढे गेले. वेदी आणि लोक यांच्यामध्ये लाकडी कठडा असायचा, त्याच्याशी गुडघे टेकून लोक प्रसाद घ्यायचे. तो कित्येक चर्चमधून निघून गेला. काही ठिकाणी उत्साहाच्या भरात जुन्या वेद्याही उतरवल्या, आणि नंतर हळहळले. मला मात्र जिथे जुनी वेदी आणि नवं मेज दोन्ही अडचणीत शेजारी उभी आहेत ती चर्च जास्त आवडतात. स्थापत्याच्या दृष्टीने ते बेंगरूळ दिसतं, पण घरात दोन पिढ्या नांदतात तसं खरं दिसतं. १९६९ मध्ये भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा बदलांना रोमने मंजुरी दिली. त्यातून चपला बाहेर काढणं, जमिनीवर बसणं, पंचांग प्रणाम, आरती आणि मेणबत्तीऐवजी समई आली. शाळेतल्या कार्यक्रमाला सिस्टर समई लावायच्या तेव्हा आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. त्या समईला रोमचा शिक्का लागला होता हे कुणाला माहीत?

मेज मधोमध आलं की दालनाच्या आकाराचं सगळं कारणच उलटतं. तीनशे चौरस मीटरची जागा दहा बाय तीसच्या पट्टीत मांडली तर शेवटची आजी ३० मीटर दूर. तीच जागा अर्धवर्तुळात मांडा, मध्यभागी वेदी ठेवा: शेवटची आजी १३.८ मीटरवर! जागा तेवढीच, माणसं तेवढीच, अंतर निम्म्याहून कमी. हे भूमितीला केव्हाचं ठाऊक होतं, पण झाडाएवढ्या तुळईने ते बांधता येत नव्हतं. आणि तोवर सिमेंट-काँक्रीट हाताशी आलं होतं, ज्याला रुंदीचं भय नाही. मायक्रोफोनही आला होता, ज्याने पुल्पिताची गरज संपवली. पाद्री, काँक्रीट आणि माइक, तिघे एकाच वेळी हजर. इतकं जुळून आलं की चर्चचा आकार बदलला नसता तरच नवल.

आपल्याकडे याचं ठसठशीत उदाहरण दादरला गोखले रोडवर आहे. मूळ चर्च १५९६ चं, फ्रान्सिस्कन मंडळींचं. लोक अजून त्याला पोर्तुगीज चर्चच म्हणतात. पण आजची इमारत १९७४ ते ७७ मधली, मूळ गोव्याच्या कुटुंबातले वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची. मनोरा नाही, कमानी नाहीत, सरळ लांब दालन नाही. काँक्रीटचे उंच निमुळते घुमट, शेंड्याला उघडे, तिथून उजेड उतरतो आणि मुंबईची गरम हवा वर चढून निघून जाते. मधून मधून उघडी अंगणं. त्या रस्त्याने वर्षानुवर्षं जाणाऱ्या कित्येकांना ते चर्च आहे हे पटत नाही. पण उजेड वरून मऊ करून आणणं आणि उकाड्याला वाट देणं, ही शिंपल्यांच्या खिडक्यांची आणि सताड दारांचीच दोन जुनी कामं आहेत, नव्या मालात केलेली.

सगळीकडे हे इतकं साधलं नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला १९६७ मध्ये संपूर्ण गोल कॅथीड्रल उभं राहिलं, वेदी बरोबर मध्यभागी. कल्पना देखणी, पण छप्पर गळायला लागलं आणि प्रकरण वास्तुविशारदाविरुद्ध कोर्टात गेलं. कोकणी माणसाला हे ऐकून बरं वाटेल: छप्पर गळण्यापुढे साहेबही हात टेकतो. शिवाय गोल भिंतींची आणखी एक खोड आहे. त्या आवाज पसरवत नाहीत, एका जागी गोळा करतात. एखाद्या बाकावर घोंगाट आणि दोन बाकं सोडून शांतता, असला प्रकार होतो.

माइकचंही तसंच. मोठा केला की ऐकू येईल असं सगळ्यांना वाटतं, पण भिंतींवर आपटणारा आवाजही तेवढाच मोठा होतो. सॅबिनच्या हिशेबात आवाज वाढवून पडसादाचा वेळ एक क्षणभरही कमी होत नाही. तो कमी होतो शोषणानेच. कोकणात जुन्या चर्चची डागडुजी होते, विस्तार होतात, कुठे कुठे नवी बांधणीही. त्यात आता एसी शिरू लागला आहे. एसी आला की दारं बंद, खिडक्यांना काच, खाली गुळगुळीत फरशी. चाळीस चौरस मीटरची फुकट शोषणारी खिडकी गेली, आणि तिच्या बदल्यात भिंतीवर विकत आणलेले ध्वनिशोषक तक्ते लावायची पाळी येते.

तुमच्या जवळच्या चर्चमध्ये हे करून बघा. आधी पुल्पिताच्या छताची डोक्यापासूनची उंची नजरेने मोजा. मग फादरांना विचारून, दुपारी कुणी नसताना, दारं बंद करून एक टाळी वाजवा आणि सेकंद मोजा. मग दारं उघडून पुन्हा. मीस चालू असताना मात्र नको. लोक रागावतील ते वेगळंच, पण तीनशे माणसांत तुमची टाळी जेमतेम दोनेक सेकंदच टिकायची.